कोरडी भिंत, समोर समुद्र

तव्यावर तिसरं अंडं फोडता फोडता मेइयुननं हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडला. वरच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या त्या लांबलचक पोराला, तिच्या म्हाताऱ्या बापाला दर शनिवारी फिरायला नेऊन, नेमकं मिळतं काय?

मँडरिन म्हणावी, तर ती शिकवायला तायपेईत त्याचं विद्यालय होतं आणि तिथं तो फी भरून बसला होता. आबांची मँडरिन फेरीबोटीच्या इंजिनघरात ओरडून ओरडून घडलेली. ती उचलून कुणी परीक्षेत पास होईल अशातली नव्हती. सोबत म्हणावी, तर विशी ओलांडलेल्या पोराला ऐंशी ओलांडलेल्या माणसाची सोबत कशाला लागते? फुकटचं जेवण म्हणावं, तर ते खरं होतं. दर शनिवारी दोघं बाहेरच कुठंतरी डबा खाऊन येत. पण एका डब्यासाठी कुणी इतके जोडे झिजवत नाही. एकेक शक्यता खोडत गेलं की शेवटी उरत होतं ते घर.

घर म्हणजे हेच. तामसुईच्या बाजारामागच्या गल्लीतलं, एक खोली रुंद आणि तीन मजले उंच. माथ्यावर पत्र्याची खोली, तळाला मेइयुनचं नाश्त्याचं दुकान. राबणं सगळं तिचं. कागद अजून आबांच्या नावाचा.

"मालकीणबाई, माझ्या मुळ्याच्या वड्या?"

"होतायत रे देखण्या. तव्याला तुझ्या ऑफिसची वेळ ठाऊक नाही."

दुकानात येणारा प्रत्येक पुरुष तिच्या लेखी देखणा होता. टक्कल पडलेला पोस्टमनसुद्धा. त्यात तिचं काही जात नव्हतं आणि गिऱ्हाईक दुधाचा चहा जास्तीचा घेत असे.

जिन्यावरून दोघं खाली आले. पुढं आबा, मागं रिटिस, चौकटीशी सवयीनं मान वाकवत. तो लिथुआनियाचा. हा देश नकाशात कुठं आहे, हे मेइयुननं एकदा विचारलं होतं. त्यानं बोट ठेवून दाखवलं होतं, आणि तिचा त्या नकाशावरचाही विश्वास उडाला होता.

आबांच्या पायांत चामडी बूट होते. पॉलिश केलेले.

"आबा, हे बूट घालून किल्ला चढणार?"

"पाय माझे आहेत."

"मेइयुन ताई, सुप्रभात," रिटिस म्हणाला. "आज आम्ही प्रेक्षणीय स्थळ पाहण्यास जात आहोत. हवामान आल्हाददायक आहे." तो कायम असाच, छापलेलं वाचल्यासारखा बोलायचा. बाकावरच्या शाळकरी मुली एकमेकींना कोपरं मारून हसल्या.

"कुठलं स्थळ?"

"ते आजोबांना ज्ञात आहे."

आबा तोवर गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. बसला उशीर झालेल्या माणसासारखे चालत होते. मेइयुनबरोबर दवाखान्यात जायचं असलं की याच पायांना दर दहा पावलांवर खांब लागायचा.

*

सुरुवात साधी होती, हे तिलाही मान्य होतं. उन्हाळा सरताना हा पोरगा राहायला आला. आधी दुकानात बसून पाटीवरचा एकेक पदार्थ मोठ्यानं वाचायचा आणि वाचला तो मागवायचा. पाटी संपेपर्यंत त्याचं वजन वाढलं. मग आबा त्याला गावातला लाल किल्ला दाखवायला घेऊन गेले. मग देऊळ, मग जुनी पेठ, मग नदी समुद्राला मिळते तिथला सूर्यास्त. तामसुईत बघण्यासारखं जे काही आहे, ते महिनाभराच्या शनिवारांत बघून संपतं. ह्यांचं संपेना. किल्ला काही जागा बदलत नव्हता आणि सूर्यही रोजच्याच ठिकाणी बुडत होता. तरी शनिवार आला की बूट निघायचे.

परत येताना आबांच्या हातात काहीतरी असायचं. एकदा नवा कोरा टॉवेल. एकदा अननसाच्या केकचा डबा. एकदा छत्री. कुठून आणलं विचारलं, तर म्हणायचे, "देतात."

"कोण देतात?"

"देणारे."

बायको गेल्यापासून घरात आबा मोजके शब्द बोलत. मीठ. पंखा. झोपतो. त्या लांब्याबरोबर मात्र बसथांब्यावर हातवारे करून बोलत असलेले तिच्या गिऱ्हाइकांनी पाहिले होते.

आणि मधेच ते विचित्र वागले. एका दुपारी ती फ्रिजमधून अंड्यांचे ट्रे काढत होती, तर मागून येऊन म्हणाले, "सरळ उभी राहा."

"काय झालं?"

"राहा म्हटलं ना."

ती उभी राहिली. आबांनी आपला तळवा आडवा करून तिच्या भुवयांशी धरला, तसाच हात फ्रिजच्या दारापर्यंत नेला, तिथं चिकटवलेल्या अननसाच्या चुंबकाकडे बघितलं, "हं" म्हणाले आणि निघून गेले. म्हातारपण डोक्यात शिरायला लागलं, असं समजून मेइयुननं गुडघ्यावरचा पट्टा आवळला आणि ट्रे उचलले.

गुडघा दुखत होता तो तव्यापुढं उभं राहून, असं ती लोकांना सांगे. खरं कारण डोंगरावरच्या देवळातली शिडी. आईच्या अस्थी तिथं होत्या. भिंतभर छोट्या कपाटांच्या रांगा, त्यातल्या सगळ्यांत वरच्या रांगेत. आई गेली तेव्हा घाई होती, वरचीच रांग लगेच मिळत होती आणि आबांनी फार चौकशी केली नव्हती. दरवर्षी पितरांच्या सणाला मेइयुन चाकांच्या शिडीवर चढून आईचं दार पुसायची, आबा खाली शिडी धरून उभे राहायचे. दोन वर्षांपूर्वी तिचा पाय घसरला. शिडी आबांच्या हातात होती. त्यावर तेही काही बोलले नाहीत, तीही नाही.

*

संध्याकाळी कचऱ्याची पिवळी गाडी धून वाजवत गल्लीच्या तोंडाशी आली, की सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली उतरे. नखं रंगवून देणारी समोरची आ-हुआ कचऱ्यापेक्षा बातम्या जास्त घेऊन यायची.

"आज पण गेले होते का गं तुझे आबा, त्या उंटाबरोबर?"

"लांब्या म्हणतात त्याला."

"अगं बाई, लाडाचं नावही पडलं." आ-हुआनं पिशवीला गाठ मारली. "बघ हं. माझ्या नणंदेच्या सासरी अस्संच झालं. म्हाताऱ्याला आंघोळ घालायला बाई ठेवली. वर्षभरात म्हातारा स्वच्छ झाला आणि घरही स्वच्छ झालं."

"हा आंघोळ घालत नाही."

"फिरवतो. ते जास्त वाईट. आंघोळ निदान उरकते तरी."

मेइयुन हसली, पण पिशवी गाडीत फेकताना तिचा नेम चुकला.

दोन दिवसांनी तिनं आबांना फोनवर ऐकलं. तव्यावरच्या पंख्याच्या आवाजात आपलं बोलणं बुडतंय, असं त्यांना वाटत होतं. इंजिनघरात राहिलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो, ते कधीच कळत नाही.

"भिंत कोरडी पाहिजे," आबा सांगत होते. "मागच्या वेळची ओल धरणारी होती. हो, समोर समुद्र असला तर बरं. शेजारी कोण आहेत? … बरं. दोघांसाठी. हो, दोघंच राहणार."

मेइयुनचा उलथणं धरलेला हात तसाच राहिला. समोरचा देखणा म्हणाला, "मालकीणबाई, जळतंय." जळलेलं तिनं बाजूला सारलं आणि नवं टाकलं.

दोघं म्हणजे कोण? एक आबा. दुसरा तो पोरगा? की पोरगा नुसता मध्यस्थ, आणि दुसरी कुणी बाई? किल्ल्यावर, देवळात, पेठेत, कुठंही भेटू शकते. टॉवेल देणारी. अननसाचा केक देणारी.

दुकान बंद केल्यावर ती वर गेली आणि आबांच्या कपाटाचा खण उघडला. घराचे कागद जागेवर होते. त्यांच्या शेजारी, लाल डबीत, आबांचा शिक्का असायचा. शिंगाचा, बोटाएवढा, नाव कोरलेला. घर विकायचं, द्यायचं, गहाण टाकायचं, काहीही करायचं तर तो उमटवल्याशिवाय होत नाही. डबी होती. आत शाईचा वाळलेला गोल होता. शिक्का नव्हता.

तो तिला बुटांच्या खणावर टांगलेल्या कोटात, आतल्या खिशात सापडला. तिथं तो शनिवारची वाट बघत बसला होता. तिनं तो टिपकागदात गुंडाळला आणि आपल्या पर्समध्ये, चेनच्या कप्प्यात टाकला. कोटावरून हात फिरवून तो होता तसा टांगला. बापाच्या खिशात हात घालायची वेळ आली, याचं दुःख करायला तिला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशीचं सोयाबीन भिजत घालायचं होतं.

*

शुक्रवारी दुपारी रिटिस विद्यालयातून आला, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. तो वाकून आत शिरला, तर टेबलावर त्याच्यासाठी दोन अंड्यांची पोळी आणि गार सोया दूध मांडलेलं.

"बस. खा."

"परंतु दुकान बंद आहे."

"म्हणून तर फुकट आहे."

तो बसला. टेबलाखाली त्याचे पाय मावले नाहीत, म्हणून ते बाजूला काढून ठेवल्यासारखे ठेवले. मेइयुन समोर बसून कांद्याच्या पाती निवडू लागली. चौकशी करताना हात रिकामे नसलेले बरे.

"फार हिंडता तुम्ही दोघं. फोटोबिटो काढतोस की नाही?"

"होय. अतिशय."

"दाखव की. मी मेली तव्याच्या पलीकडं जगच बघितलं नाही."

त्याला आनंद झाला. त्यानं बोटं पुसून फोन तिच्याकडे वळवला. लाल किल्ला. किल्ल्यापुढं आबा. देऊळ, देवळातली दिव्यांची भिंत. हजारो इवले दिवे, प्रत्येकाखाली वर्षभराचं पुण्य विकत घेतलेल्या माणसाचं नाव. नदी. सूर्य. सूर्याला चिमटीत धरलेला रिटिस.

मग एक मनोरा आला. नऊ मजली, सोनेरी कौलांचा, पायथ्याशी दगडी सिंह, मागं समुद्र. त्याच्यापुढं रिटिस दोन बोटं वर करून हसत उभा.

"ही वास्तू फारच भव्य आहे," तो म्हणाला.

मेइयुन पात निवडायची थांबली. किनाऱ्याच्या रस्त्यानं जाताना हा मनोरा डोंगराच्या खांद्यावर दिसतो. बस तिथून गेली की बायका खिडकीतून नजर काढून घेतात, आणि लहान मुलांनी तिकडं बोट दाखवलं तर त्या बोटावर चापट बसते. माणूस जळून जे उरतं, ते ठेवण्याची ती जागा. या पोरानं तिकडं एक सोडून दोन बोटं दाखवली होती.

पुढचा फोटो दुसऱ्या मनोऱ्याचा. हिरव्या कौलांचा. त्याच्या पुढचा पांढऱ्या संगमरवराचा. एकात आबाही होते. पॉलिशचे बूट, ताठ मान, हातात छत्री, "देणाऱ्यांची".

"हे सगळं आबांनी दाखवलं?"

"होय. आजोबा म्हणतात, परदेशी मनुष्याने हे अवश्य पाहावे. त्यांची मोटार आम्हाला न्यायला बसथांब्यावर येते. भोजन देतात. अतिशय आतिथ्यशील लोक आहेत."

"आत काय असतं, ठाऊक आहे तुला?"

रिटिसनं पोळीचा घास संपवला. "लहान लहान दारे आहेत. सहस्रावधी. देवळातल्या दिव्यांप्रमाणे, लोक तिथे आपले नाव ठेवतात. आजोबा म्हणतात, शेजारी शांत आहेत." मग थोडं थांबून म्हणाला, "केवळ एक अडचण आहे. माझे गुडघे दुखतात."

"तुझे? का?"

"आजोबा सांगतात, वाक. मी वाकतो. ते म्हणतात, आणखी. नंतर ते भिंतीकडे पाहतात आणि म्हणतात, ही रांग नको."

मेइयुनचं तिकडं लक्ष नव्हतं. मनातला मोठा आकडा खोडला गेला होता. घर जात नव्हतं. आबा मरणाची जागा बघत फिरत होते, आणि तेवढ्यासाठी त्यांना एक परका माणूस लागत होता. घरात हा विषय निघत नसे. मुलांनी काढला तर ती बापाच्या मरणाला टपलीत, बापानं काढला तर तो मरण घरात बोलावतोय. लिथुआनियाच्या पोरापुढं बोललं तर अपशकुन कुणाला लागणार? लागला तरी विमानानं परत जाईल.

पण हिशोब जुळला नव्हता. जागा दोघांची हवी होती. आईला तर तिची जागा होतीच, डोंगरावर, शिडीच्या टोकाला. मग आबांच्या शेजारी निजणार होती ती कोण?

शिक्का आता मुळीच परत ठेवायचा नाही, असं तिनं ठरवलं.

*

शनिवारी शटरवर "आज बंद" अशी पाटी लागली, आणि टकल्या पोस्टमननं ती दोनदा वाचली. आबा खाली उतरले, तेव्हा मेइयुन दाराशी उभी होती. पायांत बरे बूट, काखेत पर्स.

"कुठं निघालीस?"

"तुमच्याबरोबर. प्रेक्षणीय स्थळ बघायला."

"तुला काय बघायचंय त्यात?"

"हा बघतो ते."

"हा परदेशी आहे."

"मग मी तुमची मुलगी आहे. माझा नंबर त्याच्या आधी लागायला हवा."

आबांनी रिटिसकडे बघितलं. रिटिसनं आकाशाकडे बघितलं आणि हवामान आल्हाददायक असल्याचं सांगितलं.

बसमध्ये म्हाताऱ्यांचं फुकट प्रवासाचं कार्ड यंत्रावर टेकवून, त्याचा तिहेरी आवाज करून आबा पुढं बसले आणि सारा रस्ता कोटाच्या छातीवर हात ठेवून होते. मेइयुन मागून तो हात बघत होती. तिची पर्स तिच्या मांडीवर होती.

मनोऱ्याच्या दारात मिस काओ उभी होती. पांढरे हातमोजे, विमानातल्यासारखं हसू. "आजोबा, या या. आणि लांबेसाहेब. आज आणखी कोण?"

"शेजारी राहते," आबा म्हणाले.

मेइयुननं ते गिळलं. हा खोटेपणा कुणाला लपवायला, ते बघायचंच होतं.

लिफ्टमध्ये तीननंतर एकदम पाच होता. चार आकडा अशुभ, तो इथं राहणाऱ्यांनाही नको असावा. पाचव्या मजल्यावर धुपाचा आणि नव्या रंगाचा वास होता. दोन्ही बाजूंना छतापर्यंत सोनेरी दारं, प्रत्येकाला बोटाएवढी मूठ. टोकाला मोठी काच आणि काचेबाहेर समुद्र.

"देखावा चांगला आहे," मेइयुन म्हणाली. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"हो," आबा समुद्राकडे बघत म्हणाले. "वाराही बरा असतो." दोघं किल्ल्यावर आल्यासारखे उभे राहिले.

"ही ती भिंत, आजोबा," मिस काओनं हातमोज्याचा तळवा फिरवला. "आतून यंत्रानं सुकवलेली. शेजारी दोन्हीकडे शिक्षक कुटुंबं. जोडीची दारं. आजींना डोंगरावरच्या देवळातून इकडे हलवायचा मुहूर्तही मी काढून ठेवलाय. फक्त रांग ठरवायची राहिलीय. मी परत सांगते, वरची घेतलीत तर खूप स्वस्त पडेल."

मेइयुनची पर्सवरची पकड सैल झाली. आजींना. दुसरी कुणी नव्हतीच. आबा तिच्याच आईला शिडीवरून खाली उतरवायला निघाले होते.

"वरची नको," आबा म्हणाले. मिस काओच्या बोलण्यानं मुलीकडे बघायची सोय उरली नव्हती, म्हणून ते भिंतीकडेच बघत होते. मग सवयीनं म्हणाले, "लांब्या, वाक."

रिटिस पुढं झाला. त्यानं गुडघे मोडले, आणि अर्ध्यावर थांबला. एकदा मेइयुनकडे बघितलं आणि परत ताठ झाला.

"आज माझी आवश्यकता नाही, आजोबा," तो म्हणाला, आणि बाजूला होऊन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

त्याला किती कळलं होतं आणि कधीपासून, हे मेइयुननं तेव्हा विचारलं नाही, आणि नंतरही नाही. ती भिंतीपुढं गेली. समोर जोडीची दोन दारं होती, त्यांच्या मुठी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर. मागून आबांचा तळवा आला आणि आडवा होऊन तिच्या भुवयांशी टेकला. फ्रिजपाशी टेकला होता तसाच, इंजिनाच्या तेलानं कायमचा काळपटलेला.

"मान वर करावी लागते?"

"नाही."

"खाली?"

"नाही."

"पुसायला हात पोचतो?"

तिनं बाहीनं एक दार पुसलं. मग दुसरं. "पोचतो."

"गुडघा?"

"सरळ आहे, आबा."

हात खाली आला. "ही घेऊ," आबा मिस काओला म्हणाले. "म्हातारी होईल तेव्हा बोटभर खुजी होईल. तरी चालेल."

मिस काओनं एकदा मेइयुनकडे बघितलं, एकदा आबांकडे. पण शेजारीण कोण, हे विचारण्याइतकी ती धंद्यात नवी नव्हती.

*

खालच्या दालनात कागद पसरले गेले. आबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. मग बाहेरच्या. मग पँटच्या दोन्ही. मग पुन्हा आतल्या, जणू मधल्या वेळात तो परत आला असेल.

"आणला होता," ते पुटपुटले. "इथंच… मी ठेवला होता." त्यांची बोटं कोटावर फिरत राहिली. फोनवर ठणठणीत बोलणारा, बसमागं धावणारा माणूस त्या खुर्चीत बघता बघता ऐंशीच्या पुढचा दिसू लागला. "विसरायला लागलो की काय मी?"

"होतं असं, आजोबा," मिस काओ म्हणाली. "पुढच्या शनिवारी या. फक्त तोवर ही रांग राहील की जाईल, ते माझ्या हातात नाही."

मेइयुननं भराभर बेरीज केली. गप्प बसलं तर काहीच बिघडत नव्हतं. रात्री शिक्का परत कोटात जाईल, आबा म्हणतील अस्तरात अडकला होता, कुणाला काही कळणार नाही. रांग गेली तर दुसरी मिळेल. आणि आबा मात्र आजपासून स्वतःच्या डोक्यावर शंका घेत जगतील.

तिनं पर्सची चेन उघडली. टिपकागद सोडवला आणि शिक्का टेबलावर, आबांच्या हाताशी ठेवला.

आबांनी शिक्क्याकडे बघितलं. मग उघड्या पर्सकडे. मग तिच्याकडे, बराच वेळ. रिटिस भिंतीवरचं दरपत्रक वाचण्यात गुंग झाला, ओठ हलवत, एकेक अक्षर.

"मीच दिला होता तिच्याकडं ठेवायला," आबा मिस काओला म्हणाले. "माझ्या खिशाला भोक आहे. मुलगी आहे माझी."

मिस काओनं शाईची डबी पुढं सरकवली. आबांनी शिक्का उमटवला, उचलला, फुंकर मारली आणि पुसून परत मेइयुनच्या हातात दिला.

जेवण ओसरीत होतं. कागदी डबे, वर रबर, आत भात आणि कोंबडीची तंगडी. मेइयुननं आपली तंगडी उचलून आबांच्या भातावर ठेवली. आबांनी ती उचलून लांब्याच्या डब्यात टाकली. "वाकून वाकून झिजला असशील," ते म्हणाले. रिटिसनं आभार मानले, संपूर्ण वाक्यात.

तर हिशोब असा झाला. बस सरकारची. डबे कंपनीचे. गुडघे परदेशी पोराचे. जागेचे पैसे आबांचे, आणि जे भोक मुलीच्या नावावर पडायचं, तेही त्यांनी आपल्याच खिशाला पाडून घेतलं. मेइयुनच्या नावापुढं मांडायला काहीच नव्हतं.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली, तरी ती खाली उतरली नाही. आ-हुआनं गल्लीतून दोनदा हाक मारली. मेइयुन दुकानातल्या दिव्याखाली आबांचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. आतला खिसा तिनं उलटा करून बोटांनी चाचपला. शिवण धडधाकट होती. मग तिनं सुईत दोरा ओवला आणि सगळ्यांना दिसतील अशा जाड टाक्यांनी ते नसलेलं भोक शिवायला घेतलं.